खाजा गुत्तेदारांची तूट

पुण्याच्या पेपरात अर्थसंकल्पावर लेख येणार म्हटल्यावर सदफचा जीव दोन दिवस थाऱ्यावर नव्हता, आणि तिच्या अब्बांनी तर रविवारी पहाटेच स्टँडवर जाऊन पेपरांचा गठ्ठा उचलला. लेक लातूरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, हे खाजामियाँ नांदेडात दिसेल त्याला सांगत; आता छापील पुरावाच हाती आला होता. उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला मराठी वाचायला जरा वेळ लागतो. म्हणून त्यांनी आधी पेपर वाटून टाकले आणि मग वाचायला बसले. इथंच घोळ झाला.

खाजामियाँ गुत्तेदार. मराठवाड्यात गुत्ता म्हणजे कंत्राट. रस्त्याचा गुत्ता, विहिरीचा गुत्ता, झालंच तर केळीच्या बागेचा गुत्ता. 'पोरगं काय करतं?' याला 'गुत्ते घेतं' असं उत्तर आलं, की इकडे सोयरीक जुळलीच म्हणून समजा. पुण्यात मात्र गुत्ता एकाच गोष्टीचा असतो, आणि तिथं गेलेलं पोरगं घरी झुलत येतं. सदफनं हे लक्षात घ्यायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे. पण जन्मापासून घराच्या दारावर 'खाजा गुत्तेदार' ही पाटी बघणाऱ्या मुलीच्या डोक्यात दारू यावी कशी?

तिनं लिहिलं होतं साधंच. सरकारची तूट कागदावर आटोक्यात दिसते, कारण उरलेली तूट गुत्तेदाराच्या घरी ठेवलेली असते. रस्ता होतो, फीत कापली जाते आणि बिल पुढच्या वर्षावर ढकललं जातं. माझे वडीलही गुत्तेदारच. भोकरकडच्या रस्त्याचं त्यांचं बिल दीड वर्षापासून अडकलंय. पुण्यातल्या कुण्या हुशार उपसंपादकानं जागा नाही म्हणून तूट छाटली, बिलं छाटली, आणि उरलेल्या मजकुरावर मथळा ठोकला: 'रस्त्याचा पैसा दारूच्या गुत्त्यात!' त्याखाली: 'गुत्तेवाल्याच्या लेकीची परखड कबुली'.

रविवारसाठी नांदेडला घरी आलेल्या सदफनं मोबाइलवर ते पाहिलं. अब्बा हज करून आलेले, सुपारीचंसुद्धा व्यसन नसलेले. त्यांना तिनं अख्ख्या महाराष्ट्रासमोर दारूवाला करून ठेवलं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि राग तर असा आला की बस्स.

तेवढ्यात संपादकांचाच फोन.

"अभिनंदन मॅडम! अशा घरातून वर येऊन इतकं धाडसानं लिहायचं, मानलं तुम्हाला."

"सर, गुत्तेदार म्हणजे कंत्राटदार हो! माझ्या वडिलांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही!"

संपादकांनी घसा साफ केला. "चूक आमची. पण लेख तुफान चाललाय. आता दुरुस्ती छापली तर आपल्या दोघांचंही हसं होईल. त्यापेक्षा असं करू, दर रविवारी तुमचं सदर सुरू करू. बजेट, रुपया, शेअर बाजार, हवं त्यावर लिहा. लोक हे विसरून जातील."

दर रविवारचं सदर! त्यासाठी सदफनं चार वर्षं संपादकांचे उंबरे झिजवले होते. तिनं अम्मीकडे पाहिलं. अमीरबी मान खाली घालून भाकरी थापत होत्या. सकाळपासून दोन शेजारणी काही कारण नसताना डोकावून गेल्या होत्या.

"सर, दुरुस्ती छापा," सदफ म्हणाली. "सदर नको मला." फोन ठेवला आणि ती लहान पोरीसारखी रडली.

अब्बा आले ते ज्ञानोबांना घेऊन. ज्ञानोबा म्हणजे अर्धापूरचे केळीवाले, अब्बांचे जुने दोस्त. त्यांचं हसू आवरत नव्हतं. "वहिनी, चहा टाका. का आता इथं दुसरंच काही मिळून राहिलंय?"

अब्बा हसले नाहीत. सदफनं घाईघाईनं सगळं सांगितलं. दुरुस्तीचं, सदराचं, सदर सोडल्याचं. ते ऐकून घेतल्यावर अब्बा एवढंच म्हणाले, "लाव त्याला फोन."

तिनं लावला.

"नमस्कार साहेब. मी खाजा गुत्तेदार, नांदेडहून बोलून राहिलो."

"खाजासाहेब, माफ करा, उद्याच दुरुस्ती..."

"दुरुस्तीची घाई न्हाई. दारूवाला म्हणलं तं मी एकटा बदनाम झालो. लोक चार दिवस हसतेल, इसरतेल. पण पोरीनं बिलाचं लिवलं व्हतं, मला फोनवर वाचून दाखवलं व्हतं. ते कुठं गेलं? माझी माणसं डांबर टाकून मोकळी झाली. ईद गेली, दिवाळी गेली, लई दिवस झाले, मजुरी न्हाई. त्यांचं तुम्ही छाटून टाकलं अन् दारूचं मोठ्या अक्षरात! आधी ते छापा. जागा उरली तं दुरुस्तीचं बघा."

अब्बांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अन् दारूचा गुत्ता असता तं पैसा रोख आला असता, साहेब. ह्यो सरकारी हाय, म्हणून तं उधार चालून राहिलाय."

संपादक खो खो हसले, मग ओशाळून थांबले. "हे छापलं तर चालेल?"

"छापा की. पण नाव टाका. खाजा गुत्तेदार, नांदेड."

"आणि मॅडमचं सदर?"

"ते तिला इचारा."

सदफनं डोळे पुसून फोन घेतला. "पहिला लेख थकलेल्या बिलांवर. आणि एक ओळही छाटायची नाही."

"कबूल," संपादक म्हणाले.

ज्ञानोबांनी टाळी वाजवली. चहा आला. अब्बांनी बशीत ओतला, पण तो तसाच राहिला. थोड्या वेळानं त्यांनी अमीरबींना हळूच विचारलं, "जुम्म्याला नमाजला पुढच्या रांगेत उभं राहू, का मागच्या?"

अमीरबींनी पिठाचे हात पदराला पुसले.

"पुढच्या," त्या म्हणाल्या. "अन् मी इस्त्री केलेला कुर्ता घालून."