बारा दिवसांचा आवाज

ताईच्या याद्यांना घरात सगळे वचकून असत. ती शिवणकारखान्यात कापड बेतायची. एकदा कात्री चालली की माघार नाही, म्हणून आयुष्यातलं सगळंच आधी खडूने आखून घ्यायची तिला खोड लागली होती. धाकटा भाऊ नेमका उलटा. टेम्पो चालवायचा आणि वाटेत तळं दिसलं की माल तसाच ठेवून पोहायला उतरायचा. त्याच्याबरोबर दिवस मजेत जातो, हे तीही नाकारत नसे. पण त्याच्यावर काही सोपवायचं म्हटलं की ती दहादा विचार करायची.

त्या दिवशी सोपवावं लागलं. बाबा भावाकडेच राहायचे आणि त्यांचं घशाचं ऑपरेशन होतं. गाठ वाईट निघाली होती. स्वरयंत्रच काढणार होते. तीस वर्षं बसस्थानकाच्या माईकवर गाड्या पुकारलेल्या माणसाचा आवाज कायमचा जाणार होता, जीव मात्र वाचणार होता. ताई कागदपत्रांसाठी आधीच रुग्णालयात गेली. भावाला एवढंच काम, बाबांना आठ वाजता उपाशीपोटी आणायचं. "पाण्याचा थेंबसुद्धा नाही," तिने तीनदा बजावलं.

दोघं वेळेवर आले, हसत हसत. काही खाल्लंय का, असं नर्सने विचारलं, तर बाबा खरं तेच बोलले, "दोन चहा आणि लोणी-पाव."

"अगं, शेवटचं एकदा स्वतःच्या तोंडाने चहा मागवू दे म्हणाले," भाऊ सांगू लागला. "असा आवाज लावला, अख्खं हॉटेल वळून बघायला लागलं! नाही कसं म्हणणार?"

बाबांनाही नियम माहीत होता. पण बाबा घाबरलेत, हे ताईच्या यादीत कुठे नव्हतं.

भरल्या पोटी भूल देता येईना. पुढची तारीख बारा दिवसांनी मिळाली. ताईचा असा तिळपापड झाला की तिने भावाशी बोलणंच टाकलं. आधीची तारीख मिळावी म्हणून ती कारखाना सुटला की रोज रुग्णालयाचे उंबरठे झिजवायची. इकडे भावाने कामावर दांडी मारली आणि बाबांना टेम्पोत घालून गावभर फिरवलं. ते जुन्या सोबत्यांना भेटले, सहा वर्षं अबोला धरलेल्या आत्याशी आधी भांडले आणि मग पोटभर बोलले.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, गाठ मानेत पसरली होती, जास्त कापावं लागलं. बारा दिवसांमुळेच का, ते सांगता येणार नाही. पुढचंही आत्ताच सांगता येणार नाही.

बाहेरच्या बाकावर ताई भावाशेजारी बसली. त्याला फाडून खावं असं तिला वाटत होतं, आणि त्याचा हेवाही वाटत होता.

"काय काय बोलले रे? रेकॉर्ड केलंस?"

"नाही. ऐकत होतो ना."

"मग आठवतंय तेवढं सांग."

तो सांगायला लागला. दोन दिवसांचं धड सांगितलं, तिसऱ्यावर अडखळला. बाकीचं त्याला आठवेना. चेहरा रडवेला झाला.

"माझ्याबद्दल काही?"

"ते आठवतंय. रोज संध्याकाळी विचारायचे, ताई आली का? मी सांगायचो, रांगेत उभी आहे, तुमच्यासाठीच."