यतिनचा नॉर्मल रिपोर्ट

मित्रांनो, मी एक जुना ब्लड रिपोर्ट आहे. सिडनीच्या टूनगॅबी उपनगरातल्या एका फ्लॅटमध्ये, मयूराच्या फाइलमध्ये राहतो. तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने, यतिनने, वेस्टमीडच्या हॉस्पिटलात उपाशीपोटी रक्त दिलं आणि माझा जन्म झाला. माझ्यावरचे सगळे आकडे मर्यादेत होते. मी जरा शेफारलोच होतो.

पुढे मूल होईना. आपल्याकडे तपासण्या बाईपासून सुरू होतात. सिडनीला आलं म्हणून ते बदलत नाही. यतिनच्या आईंनी व्हिडिओ कॉलवर मला कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं. "बघ मयूरा, आमच्याकडचं सगळं नॉर्मल आहे," त्या म्हणाल्या. मग मयूराने दीड वर्ष गोळ्या घेतल्या, एक दुखरी तपासणीही सोसली. यतिन मात्र "माझा रिपोर्ट आहे ना" म्हणून सुटायचा. मी फाइलमधून निघायचो, परत फाइलमध्ये जायचो. कागदाला तेवढंच जमतं.

शेवटी डॉक्टर चित्रलेखांनी हट्टाने त्याचं नवीन रक्त तपासलं. परवा आम्ही दोन्ही रिपोर्ट त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी होतो. नव्यावर खुणाच खुणा. रक्त घट्ट झालेलं, चांगलं कोलेस्टेरॉल निम्म्यावर, आणि मेंदूतून निघणारी दोन हार्मोन्स जवळजवळ शून्य.

"यतिन, जिमसाठी काय घेतोस?" डॉक्टरांनी त्याचे फुगलेले दंड बघत विचारलं.

"स्टेरॉइडची इंजेक्शन्स. दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "तिथे बरेच जण घेतात."

"पुरुषी हार्मोन असं बाहेरून मिळालं की मेंदू शरीराला ते बनवायचा निरोपच पाठवत नाही. मग स्पर्मही बनत नाहीत. आता थांबव, पण मला विचारून. सगळं परत यायला वर्षही लागेल. गॅरंटी मी देऊ शकत नाही."

मयूरा रडली नाही. तिने विचारलं, "माझ्या त्या टेस्टच्या दिवशी तू माझा हात धरून बसला होतास. तेव्हा घेत होतास?"

"हो."

"ओके," ती म्हणाली. "मी आजपासून गोळ्या बंद करतेय. का ते आईंना तू सांग."

मला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. मी खोटं बोललो नव्हतो, पण माझं खरं त्या एका सकाळपुरतं होतं आणि माझ्या आड एक माणूस दीड वर्ष लपला.

मित्रांनो, जुन्या वस्तू "आम्हाला जपा" म्हणून विनवतात. माझी विनवणी वेगळी आहे. माझ्यावरची तारीख आधी वाचा. आणि बाईला तपासणीच्या टेबलावर झोपवण्याआधी, माझ्यावर ज्याचं नाव आहे त्याला विचारा, आज रक्त द्यायला येतोस का?