पांढऱ्या पट्टीखालची ओळ

मी बोलतेय. छोट्या विमानाच्या कॉकपिटमध्ये, दोन पायलटांच्या मधल्या खाचेत खोचून ठेवलेली असते ना, ती लॅमिनेट केलेली चेकलिस्ट. चोरीची चेकलिस्ट म्हणा हवं तर. एक मालक, त्याचा वकील आणि निळ्या कंपनीचे अकराच्या अकरा पायलट मला तसंच म्हणतात, तुम्ही तरी मागे कशाला राहता?

माझं काम साधं आहे. विमान हलण्याआधी एकाने माझ्यावरची ओळ मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने ती गोष्ट तपासून उत्तर द्यायचं. "इंधन?" "पुरेसं." "दारांचे दिवे?" "हिरवे." वीस वर्षं विमान चालवलेला माणूससुद्धा मला बघूनच बोलतो, कारण हाच माणूस घरी चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधत असतो. नियम एकच, पण कडक. माझ्यावर जे आहे ते वाचल्याशिवाय चाक हलत नाही. आणि जे माझ्यावर नाही, त्यासाठी कॅप्टनला थांबवायची हिंमत कुठलाच को-पायलट करत नाही.

मी मूळची नाही, नक्कल आहे. माझी आई निळ्या कंपनीत असते. तिला तयार केलं तिथल्या सगळ्यात जुन्या कॅप्टनने. त्यांना सगळे मास्तर म्हणतात, कारण आमच्या विमानतळावरच्या निळ्या आणि पिवळ्या, दोन्ही कंपन्यांतले निम्मे पायलट त्यांच्या ओरड्याखाली शिकले. ही विमानं एकोणीस आसनांची. हवाई सुंदरी वगैरे थाट नाही, मागचं दार को-पायलटच ओढून लावतो आणि पुढे येऊन बसतो. एकदा दिव्याने हिरवं दाखवलं आणि विमान उडाल्यावर ते दार उघडलं. मास्तरांनी विमान फिरवून सुखरूप उतरवलं. नंतर कॅन्टीनमध्ये त्यांनी चहाचा ओला कप माझ्या आईवरच टेकवला, त्याचा गोल डाग पडला. त्याच टेबलावर त्यांनी तिच्यात एक ओळ हाताने घातली: "मागचं दार, हाताने ढकलून पाहिलं?" म्हणजे को-पायलटने पुन्हा उठायचं, शेवटच्या रांगेपर्यंत जायचं, खांद्याने दार रेटायचं आणि मगच परत यायचं. विमान बनवणाऱ्यांच्या पुस्तकात ही ओळ नव्हती.

निळ्या कंपनीच्या पायलटांनी या ओळीला नाव ठेवलं, 'मास्तरांचं खूळ'. उठायचा कंटाळा, दुसरं काय!

पुढे मास्तरांची लेक पायलट झाली. निळ्या कंपनीत जागा नव्हती, म्हणून ती पिवळ्या कंपनीत लागली. तिथली विमानंही त्याच बनावटीची, पण त्यांच्या चेकलिस्टमध्ये ती ओळ नव्हती. मास्तरांनी पहिल्याच दिवशी आपल्या बॅगेतून माझ्या आईला काढलं आणि लेकीच्या हातात दिलं. म्हणाले, "झेरॉक्स काढून घे आणि तुमच्या चीफ पायलटला दाखव. बाकी काही करा, पण ही ओळ घ्या." चीफना ओळ पटली, पिवळ्या कंपनीने नक्कल स्वीकारली आणि माझा जन्म झाला. घाईघाईच्या झेरॉक्समध्ये माझ्या आईच्या अंगावरचा चहाच्या कपाचा गोल डागही जसाच्या तसा उतरला. आमच्याकडे लोक त्याला कंपनीचं बोधचिन्ह समजत.

लेकीच्या वाट्याला आलेल्या कॅप्टनला सगळे 'घड्याळ' म्हणायचे. त्याला कशाचं काही नाही, फक्त वेळेत सुटायचं. दार ढकलण्यात दीड मिनिट जातं म्हणून तो रोज कुरकुरायचा. पण ओळ माझ्यावर होती, त्यामुळे लेक उठायची आणि घड्याळसाहेब बोटांनी मांडीवर ताल धरून बसायचे. उकडत असलं की मला पंख्यासारखं वापरायचे. असंच एकदा वारा घेत घेत ते मला घेऊन क्रू रूममध्ये गेले आणि टेबलावर विसरून आले.

विमानतळ लहान, म्हणून क्रू रूम दोन्ही कंपन्यांना मिळून एकच. एका निळ्या पायलटाने मला पाहिलं, डाग पाहिला, तोच डाग असलेली आपली चेकलिस्ट शेजारी ठेवली आणि फोटो काढून सरळ मालकाला पाठवला. दोन्ही कंपन्यांचे मालक एकमेकांचे साडू. त्यांना भांडायला कारण लागत नव्हतंच, मी फक्त निमित्त झाले. आठवड्याभरात दावा दाखल झाला: आमच्या बुद्धीची चोरी.

आता पायलटांचं ऐका. कालपर्यंत एकमेकांचे टाय उसने नेणारी ही मंडळी एका दिवसात वकील झाली. ज्यांनी त्या ओळीला खूळ म्हटलं होतं, तेच छाती काढून म्हणायला लागले, "आमच्या कष्टाची ओळ आहे ती!" पिवळे म्हणायचे, "दार ढकलायला काय अक्कल लागते? कुणालाही सुचलं असतं." कुणालाही सुचलं असतं, पण त्यांना सुचलं नव्हतं, हे मला बोलता आलं असतं तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं.

मग कुणीतरी क्रू रूमच्या फरशीवर चिकटपट्टीने रेघ मारली. इकडे निळे, तिकडे पिवळे. चहाची किटली निळ्यांच्या बाजूला आली आणि विजेचं बटण पिवळ्यांच्या. चार दिवस दोन्हीकडच्या कुणालाही चहा मिळाला नाही. हजारो फुटांवर ढगातून वाट काढणारी माणसं, पण किटली दोन हात सरकवायला कुणी तयार नाही. पाचव्या दिवशी 'हक्क अबाधित राखून' एक लांब वायर आणण्यात आली.

सुरक्षा बघणाऱ्या सरकारी खात्याला लेकीने पत्र लिहून विचारलं की ओळ राहील ना. उत्तर आलं, प्रकरण न्यायालयात असल्याने मत देता येत नाही. सही सुंदर होती.

कोर्टात मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेलं. शेजारच्या पिशवीत माझी आई. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमची गाठ पडली, तीही पुरावा म्हणून. निळ्यांच्या वकिलाने भिंग लावून डाग दाखवला. "हा डाग आमच्या कंपनीचा आहे." पिवळ्यांचा वकील म्हणाला, "चहाच्या डागावर मालकी सांगता येत नाही." मागच्या बाकांवर दोन्हीकडचे पायलट गणवेशात, पट्ट्या चमकवत बसले होते. आपल्या वकिलाने टोला हाणला की एकमेकांना कोपराने ढोसत होते. दाराचं कुणी बोलत नव्हतं.

न्यायाधीश वैतागून म्हणाले, "मूळ डाग आहे तरी कुणाचा?"

मास्तर उभे राहिले. निवृत्तीला सात महिने उरलेला माणूस. गप्प बसले असते तर हारतुरे घेऊन घरी गेले असते.

"डाग माझ्या कपाचा आहे," ते म्हणाले. "ओळ माझी आहे. आणि तिकडे ती मीच दिली. लेक बसते त्या विमानात. लेक नसती तरी दिली असती."

निळ्यांचा वकील लगेच म्हणाला, "नोकरीत असताना लिहिलेली ओळ कंपनीची असते."

"मग कंपनीने ठेवावी की! त्यांची कमी होते का दुसऱ्याने वापरली म्हणून?"

मला वाटलं, आता तरी बाकांवरून मास्तरांचा एखादा शिष्य उठेल. निळे आपल्या बुटांकडे बघत राहिले आणि पिवळे निळ्यांकडे. मला त्या दिवशी त्या सगळ्यांची किळस आली, लपवून काय करू?

निळ्या कंपनीने मास्तरांना त्याच दुपारी घरी बसवलं. आणि कोर्टाने हुकूम दिला की निकाल लागेपर्यंत पिवळ्या कंपनीने ती ओळ झाकून ठेवावी. कोर्टाच्या कारकुनाने माझ्या पोटावर पांढरी पट्टी चिकटवली, त्यावर शिक्का मारला आणि मला लेकीच्या हवाली केलं. घड्याळसाहेब खूश झाले. "चला, दीड मिनिट सुटलं!"

परतीच्या विमानात मी माझ्या खाचेत होते. मास्तर तिकीट काढून शेवटच्या रांगेत, दाराशेजारी बसले होते. अंगावर गणवेशाचाच शर्ट, पण खांद्यावरच्या पट्ट्या काढलेल्या. लेकीने दार लावलं, पुढे येऊन बसली आणि वाचायला लागली.

"दारांचे दिवे?"

"हिरवे."

ती थांबली. तिचा अंगठा माझ्या पट्टीवर होता.

"पांढरी पट्टी?"

"काय?"

"पांढरी पट्टी, सर. चेकलिस्टवर आहे."

"अगं, पट्टीला काय उत्तर द्यायचं?"

"चेकलिस्टवर जे आहे ते वाचायचं आणि तपासायचं. तुम्हीच शिकवलंत. या पट्टीवर तर कोर्टाचा शिक्का आहे. मी सोडू कशी? आणि सोडायची असेल तर सोड म्हणून तुम्ही सांगा."

घड्याळसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग मागे पाहिलं. आमच्या कॉकपिटला दार नाही, नुसता पडदा, आणि तोही बाजूला होता. शेवटच्या रांगेपर्यंत सरळ दिसतं. त्यांनाही विमान मास्तरांनीच शिकवलं होतं. त्यांची मांडीवरची बोटं थांबली.

"जा," ते हळूच म्हणाले. "तपासून ये."

ती मागे गेली. खांद्याने दार रेटल्याचा धप्प असा आवाज मी ऐकला. परत येऊन तिने पट्टा बांधला आणि डोळे पुसले.

"पट्टी तपासली, सर. दार घट्ट आहे. माझ्याआधीच कुणीतरी ढकलून बघितलं होतं."

घड्याळसाहेबांनी विमान सोडलं, आणि उतरल्यावर नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहिलं: 'सुटायला दीड मिनिट उशीर. कारण, न्यायालयाचा आदेश.'

आता पिवळ्या कंपनीत सगळेच पट्टी वाचतात. नवीन पोरांना वाटतं, असंच असतं. निळ्यांच्या विमानात मात्र ओळ शाबूत आहे. ती ते सुरात वाचतात, "ढकललं" म्हणतात आणि जागचे हलत नाहीत, असं माझी आई कोर्टात शेजारी होती तेव्हा सांगत होती. पुढच्या तारखेला आमची पुन्हा भेट होईल तेव्हा ती आणखी काय सांगेल, देव जाणे.

मास्तर परवा आले होते, पुन्हा शेवटच्या रांगेत. तिकीट काढताना तीच जागा मागतात.

माझी कडा सुटली आहे, लॅमिनेशनमध्ये हवा शिरली आहे, फार दिवस टिकणार नाही मी. म्हणून आत्ताच सांगून ठेवते. ओळ कुणाची ते तुमचं कोर्ट ठरवेल, सावकाश ठरवू दे. माझ्या जागी नवी चेकलिस्ट छापाल तेव्हा ओळ छापता आली तर छापा. नाहीच आली, तर निदान पट्टी तरी चिकटवा.