पुढच्या खोलीतला आवाज

बिल्ल्याच्या कडेला, पत्रा जिथे मागे दुमडलेला असतो तिथे, तांबूस गंजाची बारीक रेघ होती. लोरेनने ती नखाने खरवडून पाहिली, मग काळ्या कोटावर बिल्ला लावून टाचणी अडकवली. बिल्ल्यावर तीनच शब्द होते : दिवा राहू दे. दहनगृहाच्या फाटकापाशी जमलेल्या बहुतेकांच्या कोटावर तेच शब्द होते, पण त्यांचे बिल्ले नंतर छापलेले. हा मूळचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांना ठाऊक आहे हे लोरेनला ठाऊक होतं.

नेव्हिल गेला होता. 'डल रेड'मधला नेव्हिल. शेफील्डच्या पोलाद भट्ट्यांच्या आवाजात वाढलेली तीन पोरं, घरी जुळवलेली विजेची यंत्रं आणि मोजक्या रेकॉर्डी, एवढाच त्या बँडचा संसार. पहिल्या रेकॉर्डवर यंत्राच्या कोरड्या ठोक्यांमधून एका म्हातारीचा आवाज पुन्हा पुन्हा येतो : दिवा राहू दे. तो कुणाचा, यावर संग्राहकांनी निम्मं आयुष्य वाद घातला होता. कुणी म्हणे रेडिओवरच्या नाटकातला, कुणी म्हणे इस्पितळाच्या जाहिरातीतला. नेव्हिलला विचारलं की तो नुसता चहा ढवळत बसे. रेकॉर्डींच्या बाजारात ही मंडळी भेटली की एक म्हणे 'दिवा', दुसरा आवाज कापरा करून म्हणे 'राहू दे', आणि दोघं हसत.

शवपेटीपुढचा पडदा सरकू लागला तेव्हा मागच्या बाकावरून संग्राहकांपैकी क्लिफ म्हणाला, "दिवा."

सगळ्या बाकांवरून तो कापरा आवाज उठला, "राहू दे." त्यात लोरेनचाही होता. तिची नक्कल सर्वांत हुबेहूब मानली जाई.

पहिल्या बाकावरची नेव्हिलची थोरली बहीण डोरीन मागे वळली. ती रागावलेली नव्हती. कुणी हाक मारल्यासारखं वाटून माणूस वळतं, तशी ती वळली होती.

नंतर कामगार क्लबात चहा होता, हॅमची सँडविचेस होती. डोरीनने लोरेनला शेजारच्या खुर्चीवर बसवून घेतलं. तिची बोटं सांध्यांत वाकलेली होती. सारा जन्म सुऱ्या-काट्यांना पॉलिश करण्यात गेला होता. भावाची रेकॉर्ड तिने कधी ऐकली नव्हती. दिवसभर चाकांची घरघर ऐकून घरी यायचं आणि तीच पुन्हा ऐकायची, एवढी काही मी खुळी नव्हते, असं ती म्हणाली. मग तिने बिल्ला बघायला मागितला. डोळ्यांजवळ धरून वाचला.

"तुम्ही मघाशी म्हणालात तेही हेच ना?"

लोरेनने मान हलवली.

"ही आमची आई, पोरी."

लोरेनच्या हातातला कप बशीवर टेकला, तो तिने पुन्हा उचलला नाही.

डोरीन सांगत राहिली. शेवटच्या दिवसांत आईला जिना चढवेना, म्हणून तिची खाट खाली पुढच्या खोलीत आणली होती. नेव्हिलने कुठून तरी टेपरेकॉर्डर आणला होता, तो पडद्यामागे ठेवलेला असे. आईला अंधाराची भीती बसली होती.

"मला म्हणाली ती तसं. मी उठले होते ना दिवा घालवायला. विजेचं बिल वाढत होतं." तिने बिल्ला टेबलावर ठेवला. "फोटो आहेत गं. पण आवाज आधी विसरतो. मघाशी तुम्ही म्हणालात, तेव्हा त्यात एक बाई अगदी तिच्यासारखी म्हणाली. बरं वाटलं."

ती बाई आपणच, हे लोरेनला कळलं. तोंड कुठे लपवावं ते तिला कळेना.

"त्या रेकॉर्डवर आणखी काही बोलते का आई?" डोरीनने विचारलं.

रेकॉर्डवर नाही, असं लोरेन म्हणाली. ते खरं होतं. पण घरी कपाटात, पत्र्याच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या सोबतीने टेपचं एक अख्खं रीळ होतं. बंद पडलेल्या स्टुडिओच्या अडगळीतून तिने ते मिळवलं होतं. त्यावर नेव्हिलच्या अक्षरात लिहिलं होतं : 'पुढची खोली'. 'डल रेड'च्या हरवलेल्या अल्बमचं ते नाव, असा लेख लोरेननेच लिहिला होता आणि सगळ्यांनी तो मानला होता. धातूंच्या प्रयोगशाळेत हयात काढलेल्या तिला हेही माहीत होतं, की त्या काळच्या टेपा ओल धरतात आणि वाजवायला गेलं की त्यांचा थर सोलून निघतो. आधी मंद आचेवर शेकाव्या लागतात. मग वाजली तर वाजते, बहुधा एकदाच. दरसाल ती म्हणे, पुढच्या वर्षी. न वाजवलेलं रीळ अल्बम होतं. वाजवलं तर काय निघेल, कोण जाणे.

क्लिफ सँडविचेसची बशी घेऊन आला आणि खुर्ची ओढून बसला.

"काय डोरीन, आमच्या राणीसाहेबांनी त्यांच्या खजिन्याबद्दल सांगितलं की नाही? अहो, सगळ्या देशात एकच आहे. मला नुसता डबा दाखवला, तोही लांबून."

"कसला खजिना?" डोरीन म्हणाली.

लोरेनने टेबलावरचा बिल्ला उलटा केला. टाचणीच्या बाजूने तो नुसता पत्रा होता.

"अल्बम नाहीये तो, क्लिफ," ती म्हणाली. मग डोरीनकडे वळली. तिचा आवाज आता जराही कापरा नव्हता. "तुमच्या पुढच्या खोलीतलं अख्खं रीळ माझ्याकडे आहे. मी ते शेकून वाजवणार आहे. एकदाच वाजेल कदाचित. त्या वेळी तिथे फक्त तुम्ही असाल."