ताटात उरलेलं

"पुन्हा दीड किलो कमी," काट्यावर उभ्या कुंडलिकचं वजन पाहत सिस्टर म्हणाली. "मावशी, पावडर देताय ना यांना?"

"देते की. दोन्ही येळंला," अंबूबाई म्हणाली. "डबा संपत आलाय."

"मग जाते कुठे? यंत्रावर रक्त धुतलं की अंगातलं सत्त्वही जातं. ते भरून काढायला ही पावडर. अशीच झीज होत राहिली तर यांना यंत्र सोसणार नाही." मग तिने अंबूबाईला वरखाली न्याहाळलं. "तुम्ही मात्र बाळसं धरलंत हो!"

अंबूबाई हसली आणि हसता हसताच थांबली. हात आपसूक दंडावर गेला. दोन महिन्यांपासून चोळीची बाही रुतत होती.

नवऱ्याचं जेवण झालं की त्याच्याच ताटात वाढून घ्यायचं, हा तिचा लग्नापासूनचा नेम. कुंडलिक तीस वर्षं भोंगवलीकडे टपाल वाटत हिंडला, तेव्हाही तो परतेपर्यंत ती उपाशी थांबे. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून पावडर कालवलेली अळणी पेज तो निम्मी टाकायचा. आजारी माणसाची अन्नावरची वासनाच उडाली, असं धरून उरलेली पेज ही बया पुसून खायची. अन्न टाकायचं कसं?

परतताना दोघं एसटीत शेजारी बसली. नसरापूर मागे पडल्यावर अंबूबाई म्हणाली, "ताटात मुद्दाम ठिवत हुता व्हय?"

"तुज्या बांगड्या कोपरापत्तुर सरकत हुत्या. मला दिसत न्हाई व्हय?" कुंडलिक खिडकीबाहेर बघत म्हणाला. "माज्या मागं रान तुलाच बघायचंय."

"आन् म्या तुमचं आयुष्य खात बसले त्ये?"

शेजारची बाई वळून बघायला लागली, तरी अंबूबाईला रडू आवरेना. रागही त्याचाच आला होता आणि जीवही त्याच्यासाठीच तुटत होता.

घरी आल्यावर तिने दोन ताटं घेतली. त्याच्यापुढे पेज ठेवली आणि स्वतः भाकरी घेऊन समोर बसली.

"आज आदी म्या जेवनार."

छत्तीस वर्षांत तिने नवऱ्याआधी घास घेतला नव्हता. लाजेने मान खाली घालून ती घाईघाईने घास गिळू लागली.

"सावकाश. ठसका लागंल," तो म्हणाला.

भाकरी संपवून तिने हात धुतला. "झालं माजं. आता कुनासाठी ठिवता?"

कुंडलिकने ताट जवळ ओढलं. शीत न् शीत वेचून खाल्लं. मग सवयीने त्याने ते रिकामं ताट तिच्याकडे सरकवलं.