सात किलोची आजी

विमानाला भामाबाई घाबरली नाही. वर गेलेलं कधीतरी खाली येतंच, त्यात काय एवढं, असं तिचं म्हणणं. तिला घाम फोडला तो बॅगेच्या मापानं. प्रज्ञेशनं, तिच्या एकुलत्या एका मुलानं, बंगळुरूहून फोनवर बजावून ठेवलं होतं, "आई, बॅग पंचावन्न सेंटिमीटर उंच, पस्तीस रुंद, वीस जाड. वजन सात किलो. एकच बॅग. स्वस्तातलं विमान आहे, नियम फार कडक असतात. वर एक रुमालसुद्धा नेता येत नाही."

आता भाजे गावात सेंटिमीटर कुणाच्या बापानं पाहिलेत! शेजारच्या तेजलनं शिवणाच्या टेपनं माप घेऊन पुठ्ठ्याचं एक खोकं बनवून दिलं, आणि मग आठवडाभर भामाबाईच्या ओट्यावर एकच खेळ. बॅग भरायची, खोक्यात घालायची, अडली की शिव्या देत उपसायची, पुन्हा भरायची. वजनाला नथूच्या दुकानातला काटा. नथू कसला गप्प बसतोय?

"मावशी, तू सोता किती किलोची हाईस ते इचारलं न्हाई का पोरानं?"

"आदी तुजा काटा सरळ कर मुडद्या, मग मला तोल," भामाबाई म्हणाली, आणि दुकानातली माणसं हसली. तीही हसली. तेव्हा हसू येत होतं.

कारण जायचं होतं ते नातवाकडे. सून माधवी बाळंत झाली होती, पहिला नातू, आणि आजीनं त्याला अजून मोबाइलच्या काचेतूनच पाहिलेला. सहा महिने राहायचं, बाळाला न्हाऊमाखू घालायचं, बाळंतिणीला शेक द्यायचा, घरातलं रांधायचं. "इथल्या बायकांना जमत नाही गं, तुझ्या हाताची सर कुणाला नाही," असं प्रज्ञेश म्हणाला आणि म्हातारी पाघळली. कुठली आई नाही पाघळणार?

अडत होती ती गोधडी. तान्ह्याला कोरं कापड लावत नाहीत. आजीच्या अंगावर झिजून मऊ झालेल्या लुगड्यांची गोधडी शिवायची आणि पहिलं नातवंड तिच्यावर निजवायचं, ही रीत. भामाबाईची लुगडी काही विहारात बसून झिजली नव्हती. नवरा गेल्यावर शनिवार-रविवारच्या पाहुण्यांच्या बंगल्यांवर चादरी आपटताना, फरश्या पुसताना झिजली होती, आणि त्याच कामावर प्रज्ञेश इंजिनिअर झाला. बारीक टाका घालून, डोळे फोडून तिनं ती गोधडी शिवली होती. पण आत घातली की बॅग फुगायची.

मग तिनं तांदूळ काढला. नाचणी काढली. स्वतःची लुगडी चारावरून दोनवर आणली, स्वेटर काढला. डिंक, हळीव आणि बाळगुटी तेवढी ठेवली, ती बाळंतिणीची म्हणून. तरी खोकं ऐकेना. शेवटी तिनं फोन लावला.

"बाळा, गोधडी खांद्यावर टाकून आनली तर? शाल पांघरल्यावानी?"

"आई, तिथं लोकांसमोर नाटकं नको करूस. नियम म्हणजे नियम. आणि इथं छान मऊ ब्लँकेट आणलंय आम्ही."

भामाबाईनं गोधडीची घडी घातली आणि पत्र्याच्या पेटीत ठेवली. झाकण लावताना हमसून रडली. मग पदरानं डोळे पुसून स्वतःलाच म्हणाली, कायदाच हाय तसा, लेकराचा काय दोस?

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं. माधवीची आई, कुंदाताई, त्याच विमानानं यायची होती. ती लोणावळ्याला राहते, शाळेत शिकवते, रजा मिळाली होती दहाच दिवसांची. गाडी प्रज्ञेशनं तिच्या दारात बोलावली होती. पुण्याच्या विमानतळाला जाताना ती गाडी भाजे गावाच्या फाट्यावरूनच जाणार. म्हातारीला तिथं उभं केलं असतं तरी चाललं असतं. पण नाही. "ड्रायव्हरला तुला शोधत बसायला नको, तूच लोणावळ्याला जा." म्हणजे भामाबाईनं जीपमध्ये चेंगरून आधी उलटं जायचं आणि मग गाडीत बसून त्याच रस्त्यानं परत यायचं. तिला ते खटकलंही नाही. आईला कुठं काय खटकतं?

"जय भीम, या या," म्हणत कुंदाताईंनी दार उघडलं. आणि दारातच दोन बॅगा उभ्या होत्या. दोन धटिंगण, भामाबाईच्या कमरेएवढ्या, चाकांच्या. शेजारी एक खांद्याची, वरून लोणच्याच्या बरण्या बांधलेलं खोकं.

भामाबाईला आधी विहीणबाईंचीच काळजी वाटली. "अवो ताई, ह्ये न्हेऊ देत न्हाईत! सात किलोच चालतंय. एकच बॅग."

"ते हातातल्या बॅगेचं हो. मोठ्या बॅगा खाली, विमानाच्या पोटात जातात. प्रज्ञेशरावांनी तिकिटासोबतच घेऊन ठेवलंय ना जास्तीचं वजन." कुंदाताई बोलता बोलता थांबल्या. "का हो? तुमचं नाही घेतलं?"

बाई वाईट नव्हती, उगाच कशाला खोटं बोला. तिचा चेहरा खरोखरच पडला. पण भामाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती गॅलरीत गेली आणि फोन लावला.

"कुंदाताईंच्या बॅगा मोट्या हायेत."

"हो, अगं आई, त्यांचं सामान असतं."

"आन् नियम?"

"नियमच आहे. जास्तीचं हवं असेल तर वेगळं घ्यावं लागतं. त्यांच्यासाठी घेतलं, नाहीतर बरं दिसत नाही ना." मग तो हसला, लाडानं हसावं तसा. "तुझं काय असणार गं सामान?"

भामाबाईनं फोन बंद केला. दहा दिवसांच्या पाहुणीला दोन डोंगर, आणि सहा महिने राबणारीला दोन लुगडी. खोटंसुद्धा किती व्यवस्थित बोलला, सेंटिमीटरसकट! परक्यानं केलं असतं तर चारचौघांत त्याची सालं काढली असती. इथं आपलेच दात आणि आपलेच ओठ.

गाडीत ती बॅग मांडीवर घेऊन बसली. कुंदाताईच चुळबुळत होत्या. गोधडी बॅगेत मावली नाही, घरीच राहिली, हे माधवीनं त्यांना सांगितलेलं होतं. भाज्याचा फाटा जवळ आला तशा त्या म्हणाल्या, "भामाबाई, वेळ आहे अजून. पटकन घरी जाऊन घेऊन या ती. मी माझी दोन पातळं काढते, माझ्या बॅगेत ठेवू."

"गाडी थांबीव," भामाबाई ड्रायव्हरला म्हणाली. उतरली. आणि मांडीवरची बॅगही उतरवून घेतली.

"बॅग कशाला? राहू द्या की."

"मी येत न्हाई, ताई. माज्या नातवाची गोधडी माजी मी न्हेली असती. तुमच्या बॅगेच्या कोपऱ्यातनं न्हाई पाटवायची मला." बॅग उघडून तिनं डिंक, हळीव आणि बाळगुटीची पुरचुंडी कुंदाताईंच्या हातात दिली. "ह्ये माधवीला द्या. तिचं काय चुकलं न्हाई."

कुंदाताईंनी हात धरला, बाळाची शपथ घातली. त्या शपथेनं भामाबाईचा जीव पिळवटला, कारण ते पोर कसं दिसतं, त्याच्या टाळूला वास कसा येतो, हे तिला जिवापलीकडं हवं होतं. पण तिनं हात सोडवून घेतला. शेवटी विमान चुकेल म्हणून ड्रायव्हरनं गाडी काढली.

फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी ती बाकावर टेकली. फोन वाजणार हे तिला ठाऊक होतं. कुंदाताईंनी गाडीतून कळवलं असणारच. तिचं काही मोठं मागणं नव्हतं. "आई, चुकलो, गोधडी घे आणि ये," एवढं जरी तो म्हणाला असता, तरी ती पळत सुटली असती. बाई कितीही तापट असली तरी आईच ती.

फोन वाजला. तिनं पहिल्याच घंटीला उचलला.

"आई, अगं काय केलंस हे? ते तिकीट वाया जाईल! स्वस्तातलं तिकीट आहे, रद्द केलं तर एक रुपया परत मिळत नाही, कळतंय का तुला?"

भामाबाई थोडा वेळ वाट पाहत राहिली, पुढं अजून काही येतंय का म्हणून. तो तिकिटाचंच बोलत होता.

"वाया कशाला घालवतोस बाळा?" ती म्हणाली. "माज्या जागी तुज्या सासूची एक बॅग बसीव."

आणि फोन ठेवून दिला.