गांधीबागेतला पाणचष्मा

मी पाणचष्मा बोलतोय. बाजारात माझं नाव वेगळं असेल, पण गांधीबागेतल्या ज्या घरात माझं आयुष्य गेलं, तिथे मला हेच नाव पडलं. मला ते आवडतं.

काळ्या रबराची चौकट, तिच्यात एक जाड काच, डोक्यामागे जाणारा पट्टा आणि सोबत तोंडात धरायची वाकडी नळी, एवढा माझा संसार. मला डोळ्यांवर आणि नाकावर बसवायचं, नळी दातांत धरायची आणि पाण्यावर पालथं तरंगायचं. नळीचं टोक पाण्याबाहेर राहतं, त्यातून श्वास चालतो आणि माणसाला समुद्राचा तळ निवांत पाहता येतो. नशीब असं की, मी राहायला आलो नागपूरला. इथून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र यायला रेल्वेत झोप काढावी लागते.

साधा चष्मा माणसाच्या नाकावर बसतो. माझ्या तर पोटातच माणसाचे डोळे असतात. पापणी मिटली की तिचा वारा मला लागतो. माणूस बाहेरच्यांना काहीही सांगो, मला आतून खरं कळतं.

माझी पहिली मालकीण शामला. माशांचं शास्त्र शिकायला ती कोचीला गेली होती. तिथल्या बंदरावर एका खलाशाकडून तिनं मला विकत घेतलं. शिक्षण संपवून एकोणऐंशी साली ती घरी परतली, तेव्हा ट्रंकेत कपडे कमी आणि शिंपले जास्त होते. पहिल्याच रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, आपल्या देशाला एवढा मोठा किनारा आहे. पण त्या पाण्याखाली काय आहे, हे आपल्यातल्या किती जणांनी पाहिलंय? प्रत्येकाला एकदा तरी पाहायला मिळालं पाहिजे!"

तिचे वडील मारोतराव म्हणजे लुगड्यांचे ठोक व्यापारी. त्यांनी भाताचा घास घेतला आणि विचारलं, "तिथं लुगडे खपतात का?"

शामला हरणारी नव्हती. शेजारची पोरं गोळा करून ती मला फुटाळा तलावावर घेऊन गेली. पोरांनी आळीपाळीनं पाण्यात डोकं घातलं आणि एकानं जाहीर केलं, "ताई, यात तं नुसता पालक दिसून राहिला!" तिला हसू आलं, पण मला तिचे डोळे माहीत आहेत. ती खट्टू झाली होती.

पुढे तिला रत्नागिरीकडे नोकरी लागली. तिथे नवा चष्मा मिळाला आणि मी घरी खुंटीवर राहिलो, छत्रीच्या शेजारी.

तिथून मला काढलं शामलाच्या आईनं. रंभाबाईंनी. कशासाठी? मिरची कांडायला. दर उन्हाळ्यात त्या वर्षभराचं तिखट घरी उखळात कांडत. डोळ्यांची आग होई. एके वर्षी त्यांनी मला चढवलं, पट्टा अंबाड्यावरून ओढला आणि मुसळ हातात घेतलं. रजेवर आलेल्या शामलानं मागच्या दारातून ते पाहिलं आणि ती पोट धरून हसत सुटली.

"काहून हसून राहिली वं? बम कामाची चीज आहे ही," रंभाबाई म्हणाल्या.

"आई, अगं हा पोहायचा आहे!"

"मले काय सांगतं? मले येते पोहता."

मुसळ थांबलं. शामलाही थांबली. मग रंभाबाईंनी मला कपाळावर सरकवून सांगितलं. नरखेडकडच्या त्यांच्या माहेरी संत्र्याच्या बागेत मोठी विहीर होती. भावांच्या मागोमाग त्याही उडी मारत, आधी पाठीला भोपळा बांधून, मग भोपळ्याशिवाय. बुडी मारून तळाची माती वर आणायच्या. मात्र डोळे मिटून. पाण्यात डोळे उघडले की सगळं धूसर. लग्न ठरलं आणि विहीर बंद झाली. सासरी पाणी यायचं ते नळाला.

"बाबांना माहीत आहे?"

"त्यायनं कधी विचारलं नाही. मीबी सांगतलं नाही."

"तुला पाहायचंय का गं, आई? तळ कसा असतो ते?"

रंभाबाईंनी मला पुन्हा डोळ्यांवर ओढलं आणि मुसळ उचललं. पण मी आत होतो ना. मिरचीची पूड माझ्यातून आत शिरत नव्हती, तरी त्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवसापासून मला कळलं की, या बाईला एकदा डोळे उघडे ठेवून पाण्याखाली जायचं आहे. पण त्यासाठी नवऱ्याला विचारावं लागेल आणि विचारायची तिला सवय नाही.

एक्याऐंशी सालच्या हिवाळ्यात संधी चालत आली. मुंबईच्या एका मिलनं तिचं कापड जास्त विकणाऱ्या व्यापाऱ्यांना जोडप्यानं कोकणाची सहल बक्षीस दिली. गांधीबागेतली सात-आठ जोडपी निघाली. दिवाळीला आलेल्या शामलानं मला आईच्या पिशवीत चिवड्याच्या डब्याखाली दडवलं आणि कानात सांगितलं, "घालायच्या आधी काचेला आतून थुंकी लाव, मग पाण्यात विसळ. नाहीतर काच धूसर होते."

"शी वं! थुंकी?"

"सगळे तसंच करतात, आई. सगळे."

समुद्रकाठच्या लॉजवर पहिल्याच दिवशी रंभाबाईंची पंचाईत झाली. घरी मारोतराव जेवून उठले की त्यांच्याच ताटात त्या जेवायला बसत. पहिल्यापासून तशीच रीत. इथे मारोतराव उठले आणि वेटर पोऱ्यानं ताट उचलून नेलं. रंभाबाई रिकाम्या टेबलाकडे बघत उभ्या.

"बाई, तुमचं ताट आणतो ना नवं," पोऱ्या म्हणाला.

"नवं काहून? ते होतं ना जी!" त्या म्हणाल्या. त्याला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी होडीची सफर. मिलवाल्यांनी हौसेनं ठरवलेली 'आरमाराची सफर'. मोठ्या मचव्याला भगवी निशाणं लावलेली. चढताना पुरुषांच्या डोक्यावर लाल फेटा बसवत आणि हातात चंदेरी कागद चिकटवलेली पुठ्ठ्याची तलवार देत. बायकांना कोकम सरबत. मचवा सुटला तसा एका माणसानं शिंग फुंकलं आणि तोफ म्हणून सुतळीबॉम्ब उडवला. मारोतराव एवढे दचकले की तलवार दुमडली.

"काय गा मारोतराव!" शेजारचे व्यापारी गोपाळराव ओरडले. त्यांचं तोंड दुकानातही बंद नसे. "सुभेदारच भेले, तं आम्ही कोणाकडं पाहावं?"

"बसा ना गा चूप," मारोतराव म्हणाले.

खडकांच्या एका बेटाच्या आडोशाला तांडेलानं नांगर टाकला. तो होडीचा प्रमुख, मालवणी माणूस. बायकांकडे बघून म्हणाला, "हंयसर पाणी काचेसारख्या आसा. तळ दिसता. पवता येता तेंनी उतरा." आणि शिडी सोडली.

रंभाबाईंनी मला पिशवीतून काढलं.

गोपाळरावांनी मला झडप घालून घेतलं. "वहिनी, मिरची कांडायचं यंत्र समुद्रावर कायले आणलं?" सगळी आळी ते प्रकरण जाणून होती. सगळे हसले. गोपाळरावांनी मला तसंच कोरडं डोळ्यांवर चढवलं, पाण्यात उतरले आणि नाकानं श्वास घेऊ लागले. माझी काच क्षणात धूसर झाली. मग त्यांनी नळीसकट डोकं खाली घातलं आणि पोटभर खारं पाणी पिऊन वर आले. खोकत खोकत म्हणाले, "काही नाही दिसत. धुकं आहे नुसतं. जाऊ द्या, बायामाणसाचं कामच नाही हे."

मी रंभाबाईंच्या हातात परत आलो. त्या मारोतरावांजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "अजी, मी उतरू का?"

"तू?"

"हो."

"तुले पोहता येते?"

"येते."

"कधीपासून?"

"तुमच्या घरी यायच्या आधीपासून."

मारोतरावांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळी गांधीबाग तिथे बसली होती. उद्या-परवा हीच माणसं दुकानाच्या गादीवर समोर येणार. "लोकं आहेत वं," ते पुटपुटले.

"लोकं तं नागपुरातबी आहेत."

"वहिनी, लुगडं फुगून वर येते," गोपाळराव मधेच म्हणाले, "मग मारोतराव काय धरन? दोर का पदर?"

पुन्हा हसणं झालं. मारोतराव हसले नाहीत, पण बोललेही नाहीत. दुमडलेल्या तलवारीचा कागद बोटानं सोलत बसले. रंभाबाई वाट पाहत उभ्या. त्या बाईनं किती वाट पाहिली असेल, याचा हिशेब मी ठेवला नाही. पाणी मचव्यावर आपटत होतं आणि कोणी काही म्हणत नव्हतं.

मग रंभाबाईंनी सगळ्यांच्या देखत माझ्या काचेवर थुंकी लावली.

गोपाळरावांच्या पत्नी, कांताबाई, "अगं माय!" म्हणाल्या. रंभाबाईंनी मला विसळलं, काष्टा घट्ट खोचला, पदर कमरेला गच्च गुंडाळला आणि शिडी उतरल्या.

"अवं!" मारोतराव उभे राहिले. तोवर आम्ही पाण्यात होतो.

तो क्षण कसा सांगू? हे डोळे मी मिरचीपुढे आवळलेलेच पाहिले होते. आता ते उघडे होते, इतके की पापण्या माझ्या काचेला टेकत होत्या. खाली दोन पुरुष खोल पाणी आणि तळापर्यंत उन्हाची जाळी. दगडांना फुटलेली जांभळी, पिवळी झाडं. त्यांच्यात काळ्या पट्ट्यांचे मासे, आणि एक निळा, ज्याच्या कडेला लुगड्याचा काठ असावा तशी सोनेरी रेघ. रंभाबाई हसल्या. हसताना गालाला खळी पडते आणि माझं रबर सुटतं, तसं थोडं पाणी आत आलं. त्यांना काही वाटलं नाही. श्वास छातीत भरून त्यांनी बुडी मारली, तळाची वाळू मुठीत घेतली आणि या वेळी ती पाहिलीही.

वर आल्यावर त्यांनी मला कपाळावर घेतलं. मारोतराव कठड्यावरून एवढे वाकले होते की, त्यांचा फेटा पाण्यात पडून दूर चालला होता. तोंड पांढरंफटक.

"काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

"तुमीच पाहा ना जी."

"मले कुठं येते पोहता?"

"शिडी धरा. मी आहे."

धोतर सावरत मारोतराव एकेक पायरी उतरले आणि छातीभर पाण्यात येऊन थांबले. रंभाबाईंनी मला काढून पुढे केलं. नळी अजून ओली, त्यांच्या तोंडातून नुकतीच निघालेली.

"मारोतराव, धुवून तं घ्या!" गोपाळराव वरून ओरडले. "वहिनीची उष्टी आहे ना गा!"

मारोतरावांनी नळीकडे पाहिलं. सगळा मचवा त्यांच्याकडे पाहत होता. कांताबाईंच्या हातातला सरबताचा पेला मध्येच थांबला होता. हातभर अंतरावर समुद्र होता, धुवायला कितीसा वेळ लागला असता?

त्यांनी ती तशीच तोंडात धरली आणि डोकं पाण्यात घातलं.

बाहेरच्यांना वाटलं, ते पाहतायत. मला आतून दिसत होतं, डोळे गच्च मिटलेले होते. नळीतून घोरल्यासारखा श्वास. मग रंभाबाईंनी माझ्या काचेवर नखानं टकटक केलं. एक डोळा उघडला. मग दुसरा.

पहिल्यांदा त्यांना मासे दिसले नाहीत. दिसली रंभाबाईंची पावलं, जोडव्यांची, पाण्यात सहज हलणारी. ते बराच वेळ तिकडेच पाहत राहिले. मासे येऊन गेले, तरी त्यांची नजर हलली नाही.

डोकं वर काढून त्यांनी नळी काढली आणि म्हणाले, "तुले तं खरंच येते वं."

"मंग, सांगतलं नव्हतं का?"

"सांगतलं. पण आत्ताच."

त्यांचा एक हात शिडीवर आणि दुसरा रंभाबाईंच्या खांद्यावर होता. तो त्यांनी काढला नाही. वर गोपाळराव कांताबाईंना म्हणत होते, "तू काहून पाहून राहिली माझ्याकडं? मले नाही येत बुवा!" आणि या वेळी हसल्या त्या फक्त बायका.

आता माझं रबर कडक होऊन चिरलंय. पट्टा तुटला, त्याजागी दुकानातलं इलॅस्टिक शिवलंय. मला पाण्यात नेलं तर पाणी थांबणार नाही. माझं नवं घर म्हणजे मारोतरावांच्या गादीमागचा खिळा. गिऱ्हाईक विचारतं, "हे काय शेठ?" की मारोतराव खुलतात.

माझं मागणं मोठं नाही. तुम्ही कधी समुद्रावर गेलात, तर माझ्यासारखा एखादा सोबत न्या आणि घरात जिला विचारायची सवय नाही, तिच्या हातात तो आधी द्या. तिनं विचारलंच, तर कागद सोलत बसू नका. मी त्या मचव्यावरची ती शांतता ऐकली आहे. तिच्यात माणसाचा सगळा जन्म निघून जाऊ शकतो.

परवाचीच गोष्ट. रंभाबाई डबा घेऊन दुकानात आल्या होत्या. मारोतराव गिऱ्हाइकाला रंगवून सांगत होते, "मीच म्हटलं हिले, उतर! भेतं काहून?"

रंभाबाईंनी डबा गादीवर ठेवला. "तुमी काही नव्हतं म्हटलं जी."

मारोतराव ओशाळून हसले. "नव्हतं म्हटलं का?"

"नाही. मी विचारलं. तुमी चूप."

"अन् मग?"

"मग मी गेली."